1964 च्या इम्पाला सुपर स्पोर्टच्या खरेदीत झालेली फसवणूक

मिशिगनमधील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मी 1964 सालच्या दोन गाड्या पाहिल्या : फोर्डची गॅलॅक्सी 500 एक्सएल आणि शेव्हरोलेची इम्पाला सुपर स्पोर्ट. संग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही तोलामोलाच्या. 1963 च्या डेटोना 500 शर्यतीत पहिले पाचही क्रमांक फोर्डने पटकावले होते, तर शेव्हरोलेच्या 409 घनइंची इंजिनाचा, जे 425 अश्वशक्तीपर्यंत मिळत असे, दबदबा आजही ओसरलेला नाही.

फोर्डबद्दल व्यापारी एक शब्दही खोटा बोलला नाही, कारण तिथे त्याला तसा वावच नव्हता. फोर्डच्या चॅसिस नंबरातील पाचवे अक्षर इंजिन सांगते. या गाडीवर ‘झेड’ होते, म्हणजे 390 घनइंची, 300 अश्वशक्तीचे. ‘क्यू’ किंवा ‘आर’ असते, तर 427. शेव्हरोलेच्या त्या काळच्या नंबरावरून मात्र इंजिनाबाबत सिलिंडर सहा की आठ एवढेच कळते. “409” म्हणून इम्पालाची जवळजवळ दुप्पट किंमत त्याने लावली, ती याच आधारावर.

सुपर स्पोर्ट हे जादा पैसे देऊन घ्यायचे पॅकेज होते, त्यामुळे ते नंबरात दिसत नाही, असे त्याने ठासून सांगितले. 1961 ते 1963 च्या गाड्यांबाबत हे खरे आहे, आणि म्हणूनच ते पटते. 1964 पासून मात्र सुपर स्पोर्टची मालिकाच वेगळी झाली : व्ही-8 (म्हणजे आठ सिलिंडरच्या) दोन दारी कूपेचा नंबर 41447 ने सुरू होतो, साध्या इम्पालाचा 41847 ने. माझ्या गाडीच्या डाव्या दाराच्या बिजागरीजवळील पट्टीवर 41847 आहे. बकेट सीट, मधला कन्सोल, बाहेरची बोधचिन्हे हे सगळे मागाहून चढवलेले निघाले.

इंजिनाचे प्रकरण याहून संतापजनक आहे. 348 आणि 409 ही एकाच घराण्यातील इंजिने. व्हॉल्व्ह कव्हरचा नागमोडी आकारही सारखाच. ऑइल बदलताना आमच्या वयस्कर मेकॅनिकने डिपस्टिककडे, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीकडे, बोट दाखवले. ती चालकाच्या बाजूला होती. 409 मध्ये ती सहसा दुसऱ्या बाजूला असते. मग त्याने ब्लॉकच्या पुढच्या भागावरील ताजा नारिंगी रंग खरवडून शिक्का वाचला आणि इंजिन 348 असल्याचे पक्के झाले. शेव्हरोलेने मोटारींमध्ये 348 बसवणे 1961 नंतर बंदच केले होते.

व्यापारी आता “जशी आहे तशी विकली” या कलमाकडे बोट दाखवतो. परंतु विक्रीपत्रावर “409” हा आकडा त्याच्याच हस्ताक्षरात आहे, आणि वकिलांची सारी भिस्त त्यावरच आहे. दरम्यान त्याने 1964 चीच एक कन्व्हर्टिबल सुपर स्पोर्ट म्हणून विक्रीला काढली आहे. ती पाहायला जाणाऱ्यांनी बयाणा देण्यापूर्वी दार उघडून पट्टी वाचावी : व्ही-8 असेल, तर नंबर 41467 नेच सुरू झाला पाहिजे.