कॅम्परची हाउस बॅटरी आणि चार्जिंग : तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी, एमएच-१५ (नाशिक). मागच्या राहण्याच्या भागासाठी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे हाउस बॅटरी (आत बीएमएस, म्हणजे सेलचं संरक्षण करणारं सर्किट), इंजिन चालू असताना इंजिनच्या बॅटरीकडून ती भरायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, छतावर १०० वॉटची दोन पॅनेल आणि २० अँपिअरचा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर), प्लग मिळेल तिथे २० अँपिअरचा मेन्स चार्जर, १००० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर आणि शंटवाला बॅटरी मॉनिटर (शंट म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी). उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असा सगळा वापर झाला आहे. निकाल आधीच सांगतो : बॅटरी उत्तम. "बॅटरी बसली" म्हणून जेवढ्या तक्रारी निघाल्या, त्यातली एकही बॅटरीची नव्हती. वायर, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी), फ्यूज होल्डर नाहीतर सेटिंग, यातलंच काहीतरी निघालं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं डीसी-डीसी चार्जरने. लक्षण असं : इंजिन चालू, चार्जर सुरू होतो, थोड्या वेळात बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. इलेक्ट्रिशियन लगेच चार्जर बदलायला सांगतो. त्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन १२००-१५०० आरपीएमवर ठेवायचं आणि चार्जर पूर्ण करंट घेत असतानाच मोजायचं. करंट वाहत नसेल तर व्होल्टेज ड्रॉप (वाटेत होणारी घट) दिसतच नाही, सगळं ठणठणीत वाटतं. इथे इंजिनच्या बॅटरीवर १३.५ व्होल्ट आणि चार्जरच्या इनपुटला १२.२. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेतच गायब. चार्जरचा लो-व्होल्टेज कट (इनपुट ज्याखाली गेला की चार्जर बंद होतो ती मर्यादा) १२.५ वर होता, त्यामुळे लोड घेतला की तो बंद, लोड सुटला की व्होल्टेज वर, की पुन्हा चालू.

आता हे १.३ व्होल्ट गेले कुठे? मीटरचं एक टोक इंजिनच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं चार्जरच्या इनपुट पॉझिटिव्हवर : ०.७. तसंच निगेटिव्हला : ०.६. पॉझिटिव्हचे ०.७ आणखी फोडले तर ६ मीटर लांब, १० स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये ०.४ आणि स्वस्तातल्या सोनेरी फ्यूज होल्डरमध्ये ०.३. होल्डरमधले ०.३ व्होल्ट क्षुल्लक वाटतात, पण ३८ अँपिअरला ती ११ वॉटची उष्णता आहे, तीही एका स्क्रूखाली. होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं ते उगाच नाही. निगेटिव्हचे ०.६ मात्र पूर्णपणे बॉडी अर्थचे, म्हणजे निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडलेली तिथले : थिंबल रंगावरच आवळलेलं, खाली गंज.

(३० अँपिअरच्या चार्जरला ३८ अँपिअर कसे, तर आउटपुट ३० गुणिले १४.२ म्हणजे ४२६ वॉट. कार्यक्षमता ८७ टक्क्यांच्या आसपास धरली तर इनपुटला ४९० वॉट. १३ व्होल्टला भागा. वायर आणि फ्यूज या आकड्यावर निवडायचे, डब्यावर छापलेल्या ३० वर नाही.)

इलाज : दोन्ही बाजूंना २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, टिन केलेली थिंबलं, हायड्रॉलिक क्रिम्पिंग (दाबयंत्राने थिंबल आवळणं), बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा चांगल्या प्रतीचा फ्यूज. हाउस बॅटरीच्या टोकालाही वेगळा फ्यूज हवाच, कारण वायर शॉर्ट झाली तर आग लावायची ताकद दोन्ही बाजूंना आहे. एकूण ड्रॉप ०.४ च्या खाली आला आणि चार्जर एकसारखा चालू राहिला. केबल घेताना गेज विचारू नका, स्क्वेअर एमएम विचारा, आणि टोक सोलून ब्लेडने खरवडून पाहा. आतून चांदीसारखं चकाकलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. कार ऑडिओच्या दुकानातली जाडजूड स्वस्त केबल बहुतेक वेळा तीच असते. वेल्डिंग केबल मात्र चालते, मऊ असते आणि अंबड-सातपूरकडच्या इलेक्ट्रिकल दुकानांत सहज मिळते. निगेटिव्ह जोडताना आणखी एक : नव्या गाड्यांत इंजिनच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. आपली वायर सेन्सरच्या चॅसिसकडच्या बाजूला घ्यायची, थेट पोलवर नाही. नाहीतर गाडीचा बॅटरीबद्दलचा हिशेब चुकतो.

बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर 'स्मार्ट' असतो, म्हणजे चढावर जोर लागतो तेव्हा व्होल्टेज खाली आणि उतारावर वर. कसारा घाट चढताना चार्जिंग थांबतं आणि उतरताना जोरात होतं, ते याचमुळे. चार्जर व्होल्टेजवरून "इंजिन चालू आहे का" ओळखत असेल तर तो फसणारच. इग्निशनवर चालू होणारी एक बारीक वायर चार्जरच्या सिग्नल टर्मिनलला दिली की प्रश्न मिटतो. मात्र मग इंजिन बंद ठेवून चावी ऑन राहू द्यायची नाही, नाहीतर सेल्फची बॅटरी ओढली जाईल. लो-व्होल्टेज कट म्हणूनच काढून टाकू नये, तो १२ च्या आसपास ठेवावा. साध्या व्होल्टेज रिलेचा (व्होल्टेज वाढलं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा) तर अशा गाडीत विचारच नको.

उन्हाळ्याची गंमत वेगळी. हा चार्जर चालू असताना साधारण ६० वॉट उष्णता टाकतो. सीटखालच्या बंद कप्प्यात, एप्रिलच्या नाशिकमध्ये, तो स्वतःच करंट कमी करतो. बरेच चार्जर ४० अंशांनंतर उतरायला लागतात. दुपारी ३० च्या जागी १६-१८ अँपिअर दिसले तर बिघाड समजू नये. वर-खाली १० सेंटीमीटर मोकळी जागा आणि १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन एवढं पुरलं.

फ्रिज. कॉम्प्रेसरवाला, ४५ वॉटचा. बॅटरी १३.१ दाखवते आणि फ्रिज लो-व्होल्टेजचा एरर देऊन बंद. सिगारेट सॉकेटपर्यंत १.५ स्क्वेअरची वायर होती, आणि सॉकेटची स्प्रिंग ढिली. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी सॉकेटवर ११ च्या खाली. ४ स्क्वेअरची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, सिगारेट सॉकेटला सुट्टी देऊन लॉक होणारा कनेक्टर. फ्रिजच्या संरक्षणाचं सेटिंग 'हाय' वरून 'लो' वर. 'हाय' हे सेल्फची बॅटरी वाचवण्यासाठी आहे, इथे बीएमएस आहेच. फ्रिज दिवसाला ४० ते ६० अँपिअर-अवर खातो, ऋतूवर अवलंबून. त्याच्या जोडीला इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी अँपिअरभर जातो, दिवसाचे २४. रात्री इन्व्हर्टर बटणाने बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

मॉनिटरबद्दल. लिथियममध्ये व्होल्टेजवरून टक्के कळत नाहीत. १३.२ म्हणजे ४० टक्के असू शकेल किंवा ७० सुद्धा. म्हणून शंट लागतोच. पण प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या लोडकडच्या बाजूलाच हवी. एमपीपीटीची निगेटिव्ह थेट बॅटरीच्या पोलवर लावली होती, त्यामुळे सोलरने भरलेलं मॉनिटरला कळायचं नाही आणि संध्याकाळी भरलेली बॅटरी ३५ टक्के दाखवायची. एक नट बदलला, काम झालं.

चार्जिंगचं सेटिंग : अॅब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) १४.२, फ्लोट (भरल्यानंतरचं) १३.५, इक्वलायझेशन (लेड अॅसिडला मुद्दाम दिला जाणारा जादा चार्ज) बंद, तापमान कॉम्पेन्सेशन (तापमानानुसार व्होल्टेज बदलणं) शून्य. शेवटचं फार जण विसरतात. लेड अॅसिडसाठीचं कॉम्पेन्सेशन चालू राहिलं तर २५ अंशांखाली प्रत्येक अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट वाढतात. निफाडकडे जानेवारीतल्या ८ अंशांच्या पहाटे १४.२ चे १४.६ होतात, एखादा सेल ३.६५ व्होल्ट ओलांडतो आणि बीएमएस चार्जिंग तोडतं. त्याच भागात पारा आणखी उतरला तर काही बीएमएस ५ अंशांखाली, बाकीचे शून्याखाली चार्ज घेत नाहीत. तो दोष नाही, संरक्षण आहे. बॅटरी थोडी गरम झाली की घेते.

पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदऱ्याकडे सोलरवर भिस्त नको. मार्चमध्ये ५५-६० अँपिअर-अवर देणारी पॅनेल तिथे १० वर येतात. तेव्हा गाडी चालवणं किंवा प्लग. प्लग लावताना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारी) आणि अर्थिंग तपासणारा टेस्टर जवळ हवा, कारण ढाब्यावरच्या तिसऱ्या पिनला बऱ्याचदा काहीच जोडलेलं नसतं.

तक्रार एकच, तीही ज्यांनी गाडी बांधून दिली त्यांच्यावर : बॅटरीजवळ मुख्य फ्यूजच्या जागी घरगुती एसी एमसीबी. लिथियम शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडू शकते, तेवढा डीसी तोडायला ती बनलेलीच नसते. तिच्या जागी थेट बॅटरीच्या पोलवर बसणारा १५० अँपिअरचा एमआरबीएफ फ्यूज घेतला.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून आयसोलेटर (बॅटरीचा मुख्य स्विच) बंद करा. पॅनेल आधी सोडवा, बॅटरी नंतर; जोडताना उलट.