सिनेगॉगचा अर्ज: सरळ नकार की अटींसह परवानगी?

अमेरिकेत बंगल्यांच्या वस्तीत सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी, अर्ज आला की शेजाऱ्यांची पहिली ओरड पार्किंगची. गंमत म्हणजे सनातनी ज्यू शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, गाडी चालवतच नाहीत. पोराबाळांसह चालत येतात. म्हणून तर प्रार्थनास्थळ घराजवळ लागतं. (शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपल्या कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली ज्यू, आठवा.)

नकार दिला तर शेजारी खूश, पण २००० सालचा केंद्रीय कायदा आडवा येतो. धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर कारण अत्यंत निकडीचं आहे आणि याहून सौम्य उपाय नाही, हे सरकारलाच सिद्ध करावं लागतं. फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहराने सिनेगॉगला परवानगी नाकारली. २००६ मध्ये तो खटला २० लाख डॉलर देऊन मिटवावा लागला.

अटी घालायच्या तर बैठका लांबतात, हे खरं. लग्न, बार मिट्झवाह (मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावरचा धार्मिक सोहळा) यांच्या गर्दीची तक्रारही खोटी नसते. पण माणसांची संख्या, कुंपणाची झाडी, रात्रीचे दिवे, समारंभाची वाहनं कुठे लावायची, सगळं लिहून घेता येतं. मला हाच मार्ग बरा वाटतो. उद्या दिवे रात्रभर जळत राहिले तर शेजाऱ्याला दाखवायला परवान्याचा कागद तरी असतो.