जुनी टीटी, दोन हजारांचं सामान आणि सीटशेजारची फट

मागच्या मंगळवारी दहा रुपयांच्या एका नाण्यापायी माझ्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागला आणि सर्व्हिसवाल्याने ८,४०० रुपयांचा आकडा सांगितला. घरी येऊन आधी चहा घेतला, मग वही काढली. नऊ महिन्यांत गाडीच्या आत जे जे स्वस्त सामान कोंबलं त्याची बेरीज २,०५५ रुपये निघाली. त्यातलं काय टिकलं, काय फेकलं आणि कशाने मला गोत्यात आणलं, ते लिहून टाकतो.

गाडी ऑडी टीटी, म्हणजे ठेंगणी स्पोर्ट्स कार, तिसरी पिढी, २०१५ ची, मी तिसरा मालक. २.० लिटरचं टर्बो इंजिन, २३० घोडे, क्वात्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. नवी होती तेव्हा साठ लाखांच्या वर किंमत होती. मला कितीला पडली ते घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नको. एवढ्या गाडीत इंदूरच्या सियागंज बाजारातलं दीडशेचं डस्टबिन कशाला, असं रामबागेतल्या दोन मित्रांनी विचारलंच. अरे बाबांनो, गाडी ऑडी झाली, पगार तोच आहे.

आता फट. सीट आणि मधला कन्सोल यांच्यातली फट सगळ्याच गाड्यांत असते, मारुतीतही आणि मर्सिडीजमध्येही. पण उंच गाडीत दार उघडून बाहेर उभं राहता, वाकता, हात घालता आणि वस्तू निघते. टीटीमध्ये तुम्ही जवळजवळ जमिनीवर बसलेले असता. कन्सोल रुंद, सीट कडेने फुगलेली, आणि फटीत बोटं जेमतेम दुसऱ्या पेरापर्यंत जातात. बाहेरून प्रयत्न करायचा तर पार्किंगमध्ये गुडघे टेकून डोकं सीटखाली घालावं लागतं. आमच्या बिल्डिंगच्या चौकीदाराने मला त्या अवस्थेत तीनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "भिया, कुछ पूजा चल रही है क्या?"

या फटीत काय जातं? इंदूरमध्ये राहता तर सांगायला नको. सेव. छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत आता गाड्या आत जात नाहीत, म्हणून आम्ही बाहेर गाडी लावतो, पोहे कागदात बांधून आणतो आणि गाडीतच खातो. वर जीरावन (पोह्यांवरचा मसाला), वर सेव, आणि पहिल्याच घासाला अर्धी सेव फटीत. जीरावनाची पिवळट-तपकिरी पूड काळ्या गालिच्यात बसली की व्हॅक्यूमनेही हटत नाही, दात घासायचा जुना ब्रश लागतो. सेवेचा तेलकट वास मे महिन्यात असा उठतो की एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं गाडी नव्हे, सराफ्याच्या खाऊबाजारातला ठेला वाटतो.

म्हणून पहिली खरेदी फट भरणाऱ्या पट्ट्यांची. २४९ ला जोडी, रेक्झिनच्या खोळीत फोम, मध्ये सीटबेल्टच्या बकलसाठी चीर. दुकानदार म्हणाला, "ऑडी में भी यही लगती है, मर्सिडीज में भी यही." लागली खरी. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की २४९ रुपयांत यापेक्षा चांगली वस्तू जगात नाही. नाणं नाही, सेव नाही, मोबाईल नाही, काही खाली जात नव्हतं. तेव्हा विचारलं असतंत तर पाचात पाच दिले असते.

आता दोन देतो. फोम दबत गेला. बकल सीटबरोबर पुढे-मागे सरकतं, मी उंच आणि बायको ठेंगणी, त्यामुळे दर वेळी पट्टी ओढली जाऊन चीर रुंदावत गेली. एप्रिलमध्ये रेक्झिनचे पापुद्रे निघाले आणि पँटला काळे ठिपके लागायला लागले. शिवाय नवा त्रास हा की दबलेली पट्टी वरून घट्ट दिसते आणि खालून सैल असते. वस्तू अडत नाही, पट्टीच्या आडून निघून जाते, आणि गेली हे कळतही नाही. उघडी फट निदान प्रामाणिक तरी असते.

त्याच वाटेने मंगळवारी दहाचं नाणं गेलं. दहा रुपयेच ते, सोडून द्यायचे. पण मला खाली खडखडाट ऐकू येत होता, प्रत्येक वळणावर. महूकडे जाताना तर ते नाणं माझ्याशी बोलत होतं. घरी आल्यावर मुलाची स्टीलची फूटपट्टी घेतली आणि सीटखाली फिरवली. नाणं आलं नाही, पण काहीतरी टक्क झालं. गाडी सुरू केली तर समोर एअरबॅगचा दिवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीटखाली पिवळे कनेक्टर असतात. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगचं सर्किट. सीटच्या कडेतली एअरबॅग, कोणी बसलंय का ते ओळखणारा सेन्सर, अशांच्या तारा तिथूनच जातात. कनेक्टर किंचित सैल झाला, गाडीला सर्किट तुटलेलं दिसलं की दिवा लागतो. नंतर तो घट्ट बसवला तरी दिवा आपोआप जाईलच असं नाही, नोंद झालेला दोष स्कॅनर लावून पुसावा लागतो. आणि तिथे हात घालायचाच असेल तर आधी गाडी बंद, बॅटरीचं टोक काढलेलं, थोडा वेळ थांबलेलं. मी यातलं काहीच केलं नव्हतं, फूटपट्टी मात्र स्टीलची घेतली होती. आता आठवलं की घाम फुटतो.

सर्व्हिसवाल्याने, नाव घेत नाही, पाच मिनिटं टॅबलेटकडे पाहून सांगितलं की सीटखालची वायरिंगच बदलावी लागेल. मी विचारलं, "सीट उचलून पाहिली का?" "सर, सिस्टीम में आ रहा है." मी परत विचारलं, "पाहिली का?" उत्तर नाही. पुढचा अर्धा तास आमचं जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी मराठीत चिडतो आणि हिंदीत भांडतो, त्यात व्याकरण दोन्हीकडचं जातं. शेवटी गाडी बाहेर काढली आणि सियागंजच्या मागे बसणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने बॅटरी काढली, एक बिडी ओढली (तीच त्याची थांबायची वेळ), सीट मागे सरकवून कनेक्टर दाबला, स्कॅनर लावून दिवा पुसला. ५०० रुपये. नाणंही निघालं, सोबत पाचची दोन आणि चमचाभर सेव. नाणी त्याने मला दिली, सेवेकडे बघून काही बोलला नाही.

मोबाईल स्टँडवर ३९९ गेले आणि ते शुद्ध मूर्खपणात गेले. टीटीत मध्ये वेगळा स्क्रीन नाही, सगळं काट्यांच्या जागच्या १२.३ इंची पडद्यावर, ड्रायव्हरपुढे. शेजारी बसलेल्या माणसाला नकाशा दिसत नाही, हे बायकोचं पहिल्या दिवसापासूनचं गाऱ्हाणं. म्हणून स्टँड. एसीच्या जाळीत अडकवायचा घेतला, आणि घरी आल्यावर कळलं की या गाडीच्या मधल्या तीन गोल झरोक्यांच्या पोटातच एसीची बटणं आहेत. तापमान, पंखा, हवेची दिशा, सगळं झरोक्याच्या मधोमध. स्टँड लावला की एसी चालवायचा कसा? आणि गोल झरोक्याच्या पात्यांवर स्टँडचा हुक धरतही नाही. मग काचेला चिकटणारा आणला, तो दुकानदाराने बदलून दिला, एवढं त्याचं चांगलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तोही मोबाईलसकट पडला. कुठे? फटीत. आता बायको मोबाईल हातात धरते आणि "अहो, डावीकडे" असं सांगते. स्टँडपेक्षा ते जास्त टिकाऊ आहे.

पायापाशी लावायच्या रंगीत दिव्यांच्या पट्टीबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं उथळ हौस आहे. मग रात्री सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर निळा उजेड पाहून वाटलं की ५९९ वसूल झाले. मग पुण्याला लग्नासाठी सोळा दिवस गेलो, परत आलो तर गाडी मेलेली. लावणाऱ्याने वायर कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर जोडली होती. दिवे बंद असले तरी रिमोटचा डबा जागाच. त्याच इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, पण लगेच नाही. गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबला, कारण तिचे सगळे डबे (आतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला तेवढा वेळ घेतात आणि आधी मोजलं तर आकडा खोटा येतो. मीटर ०.१५ अँपिअर दाखवत होता. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला ३.६ अँपिअर-तास, सोळा दिवसांत जवळजवळ ५८. बॅटरी सत्तर अँपिअर-तासांच्या आसपासची. करा हिशोब. पट्टी काढली, आणि तिचा चिकटपणा प्लास्टिकवर तसाच राहिला.

तो काढताना हात थरथरत होते, कारण नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतल्या ग्योरच्या कारखान्यात शेवटची टीटी बनली. आतला एखादा तुकडा खराब केला तर तो पुढे कुठे आणि कितीला मिळेल याचा विचारही नको वाटतो. थिनर, पेट्रोल अजिबात लावू नका, मऊ प्लास्टिकवर पांढरा डाग कायमचा बसतो. हेअर ड्रायरने कोमट करा, खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, मऊ फडक्याने पुसा. आमच्याकडे हे ज्ञान स्टीलच्या डब्यांवरची स्टिकरं काढून आलंय.

बाकी किरकोळ. ११० चं जेलवालं अत्तर उन्हात फुगून सांडलं, तिथे डॅशबोर्ड आता कायमचा चमकतो. १९९ चा चार्जर लावला की एफएमवर खरखर येते, तो काढला की गाणं स्वच्छ. पण मी एफएम ऐकतो कुठे, म्हणून चालू ठेवलाय. काचेची ३५० ची चंदेरी सावली उत्तम, मेमध्ये स्टिअरिंग हातात धरता येतं. फक्त घडी घालायला शिकायला मला तीन आठवडे लागले आणि बायकोला एक मिनिट.

आणि १४९ चं डस्टबिन. यावर हसणाऱ्यांना सांगतो, २०१७ मध्ये इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं तेव्हापासून इथे चालत्या गाडीतून कागद टाकला तर मागचा स्कूटरवालाही हटकतो. डबा मागच्या सीटच्या पायाशी बरोबर बसतो. तसंही मागच्या सीटवर माणूस बसत नाही, बसवला तर नातं टिकत नाही.

फटीचं सांगायचं राहिलं. त्या पापुद्रे निघालेल्या पट्ट्या आईने पाहिल्या आणि म्हणाली, "हे एवढंसं? मला माप दे." जुन्या पडद्याचं जाड कापड, आत कापूस ठासून, बकलच्या जागी बटणाच्या काजासारखी शिवलेली चीर. बैठकीतला लोड असतो ना, त्याचं पिल्लू. रंग मरून, आतल्या काळ्या रंगाशी अजिबात जुळत नाही. पण कापूस दबला की आई खोळ उसवून परत भरते, आणि तो तळापर्यंत ठासून बसतो. तीन महिने झाले म्हणून पाचात पाच देणार होतो, पण पहिल्या अनुभवावरून चारच देतो.

तुम्ही म्हणाल, मग ते नाणं गेलं कसं? लोड बायकोच्या बाजूला होता. कापड एकाच बाजूपुरतं निघालं, आणि आईचं म्हणणं, सून आधी. माझ्या बाजूला अजून तीच २४९ ची पट्टी आहे. पडदा दुसरा काढायचा का यावर घरात बोलणी चालू आहेत. तोवर मुलाने फूटपट्टी दप्तरात लपवून ठेवली आहे, आणि कालपासून डाव्या वळणावर परत काहीतरी वाजतंय.