हिरव्या रंगाखालचा तडा: जुन्या इंजिनात माझे 53,250 रुपये गेले

इंजिनाचे 46,500, टेम्पोचे 3,200, हमालांचे 800, पायाच्या सिमेंट-बोल्टांचे 2,750. एकूण 53,250 रुपये. आकडे मुद्दाम देतोय, कारण पोलीस ठाण्यात मला "रक्कम किरकोळ आहे" असं ऐकवलं गेलं. दोन एकर उसावर जगणाऱ्याला विचारा किरकोळ म्हणजे काय ते.

थ्री-फेज वीज निम्मे दिवस रात्रीच येते, म्हणून विहिरीवर जुनं, दोन चाकांचं, लिस्टर जातीचं सहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. मिनिटाला 650 फेरे, पट्ट्यावर पंप, बिघाड झाला तर पाना-हातोडीवर निभावतं. आजोबांच्या मळ्यात असंच होतं. डिझेल फवारणारं नोझल साफ करणं, डिझेलच्या लाइनीतली हवा काढणं मी शाळेत असतानाच शिकलो. त्यामुळे "कळत नाही तर घ्यायचं कशाला" हे मला कुणी सांगू नये.

सकाळी आठला आम्ही विकणाऱ्याच्या शेडवर पोचलो. मी सवयीनं इंजिनाच्या वरच्या भागावर, हेडवर, हात ठेवला आणि हेड कोमट लागलं. विचारलं, तर विकणारा म्हणाला, "मघाशीच पोरानं चालवून बघितलं, दादा." मी हात काढून घेतला आणि गप्प बसलो. तो कोमटपणा आजही तळव्याला जाणवतो. तिथूनच टेम्पो माघारी फिरवायला हवा होता! पिस्टनच्या रिंगा झिजलेलं इंजिनही तापलेलं असलं की दुसऱ्या हँडलला पेटतं. गार इंजिन समोर चालू करून दाखवत नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.

चालू केल्यावर आतून ठोका ऐकू येत होता. "चाकाची चावी ढिली आहे, ठोकली की आवाज बंद," असं तो म्हणाला. चावी म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणारी पाचर. खोटं असं की खरं वाटावं, कारण ढिल्या चावीचा आवाज अगदी तसाच येतो. चाकाखाली पहार घालून उचकलं असतं तर शाफ्ट वर उचलला गेला असता आणि बेअरिंग गेल्याचं तिथंच कळलं असतं. डिपस्टिकवरचं तेल काकवीसारखं दाट होतं. ठोका आणि धूर दबावा म्हणून गिअरचं ऑइल ओतलेलं. तेल बोटांत चोळून बघा, लाजू नका. मेव्हणा सोबत होता, टेम्पोवाला घाई करत होता, आणि 1,500 रुपये इसार आधीच फोनवरून गेला होता. इसारानंच माणूस बांधला जातो.

घरी दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं हँडल मारलं. हवा काढली, नोझलचा फवारा बघितला, चांगला होता. शेवटी हवेच्या तोंडातून चमचाभर ऑइल सोडलं आणि लगेच पेटलं. म्हणजे रिंगा आणि लायनर, पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, दोन्ही संपलेले. तिसऱ्या दिवशी खालचं तेल दुधाच्या चहासारखं झालं. इंजिन गार ठेवायचं पाणी तेलात उतरत होतं. ब्लॉकचा हिरवा रंग खरवडला तर खाली बोटभर तडा, एम-सीलनं बुजवलेला. पाण्याविना तापलेल्या इंजिनावर कुणीतरी गार पाणी ओतलं असणार, बिडाला त्यानंच तडा जातो. ताजा रंग दिसला की पाण्याच्या जागेभोवती चाकूनं खरवडा. विकणारा चिडला तर उत्तर मिळालंच.

दुरुस्तीचा अंदाज 31,000. भंगारवाला 10,400 देतो म्हणाला.

ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत". दुसऱ्या दिवशी "तुम्ही चालू बघूनच घेतलं ना? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा". तडा बुजवून, रंग मारून, चांगलं म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? हे विचारलं तर आवाज चढला. तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. अर्धा तास उभा राहिलो, तेव्हा शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय हलू नका. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात म्हणाले, पक्कं बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. माझ्याकडे वहीच्या पानावर "जसे आहे तसे" लिहिलेली चिठ्ठी आहे. 40,000 रोख दिले होते, त्यांचा पुरावा तेवढाच. तो माणूस रोज त्याच शेडमध्ये बसतो, हे मी तिन्ही वेळा सांगितलं. कुणीही गाडी काढली नाही.

परवा त्याची नवी जाहिरात आली. तीच शेड, तसाच ओला हिरवा रंग, इंजिनाच्या नंबरप्लेटला चकचकीत नवे रिव्हेट. भाव 48,000. खाली लिहिलंय, "चालू स्थितीत".