एलियसवर मेल येतो, पण उत्तर कुठून जातं?

मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली. तिथे खातं उघडताना मी खरा पत्ता दिला नव्हता. खास त्या दुकानासाठी एक एलियस, म्हणजे खऱ्याऐवजी द्यायचा दुसरा ईमेल पत्ता, बनवला होता आणि तो माझ्या नेहमीच्या मेलबॉक्सकडे फॉरवर्ड केला होता. बिल, पोचपावती, 'तुमची ऑर्डर निघाली आहे' असे सगळे मेल बिनबोभाट येत होते. पैसे परत मागायची वेळ आली तेव्हा मी फोनवर त्याच मेलला रिप्लाय दाबला, सविस्तर तक्रार लिहिली, फोटो जोडले आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या ईमेल पत्त्यावर आमच्याकडे कोणतंही खातं नाही. माझा मेल खऱ्या पत्त्यावरून गेला होता. ज्यांच्यापासून पत्ता लपवला त्यांच्या हाती तो आयता पडला, आणि काम तर झालंच नाही.

तेव्हापासून कोणी 'एलियस घेऊ का' असं विचारलं की मी आधी एवढंच विचारते: त्या पत्त्यावरून तुला कधी लिहावं लागणार आहे का? मेल घेण्याच्या बाबतीत सगळे एलियस जवळपास सारखेच. फरक पडतो तो पाठवताना. म्हणून खालची तुलना मी पाठवण्याच्या बाजूनेच केली आहे.

दोन ठिकाणी लिहिलेला पत्ता

ईमेल पाठवण्याचा मूळ नियम, एसएमटीपी, 1982 सालचा. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता दोन ठिकाणी येतो. एक सर्व्हर आपसात बोलताना सांगतात तो, दुसरा आपल्याला 'फ्रॉम' म्हणून दिसतो तो. पहिला पाकिटावरचा, दुसरा आतल्या पत्रावरचा. हे दोन्ही सारखे असावेत अशी सक्ती नव्हती. त्यामुळे एका खात्यातून दुसऱ्या पत्त्याने लिहिणं शक्य झालं, आणि त्याच फटीतून लोकांच्या नावाने खोटे मेल धाडणारेही आत शिरले.

ती फट बुजवायला पुढे तीन गोष्टी आल्या. एसपीएफ म्हणजे या डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचा) मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची डिजिटल सही. आणि डीमार्क बघतं की या दोहोंपैकी एकाचं तरी डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळतंय का. जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. एप्रिल 2014 मध्ये याहूने 'जुळत नसेल तर सरळ नाकारा' असं धोरण लावलं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू या दोघांनी सगळ्याच पाठवणाऱ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं, आणि जीमेलला दिवसाला 5000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही.

हे सगळं सांगायचं कारण असं की 'फ्रॉममध्ये दुसरा पत्ता टाकला की झालं' हा जुना सल्ला आता चालत नाही. ज्या डोमेनचा पत्ता, त्या डोमेनच्या सर्व्हरवरून मेल निघाला तरच तो सुखरूप पोचतो. कुठलाही पर्याय निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

प्लस चिन्हाचा पत्ता

जीमेलमध्ये आपल्या नावापुढे प्लस आणि एखादा शब्द जोडला, तरी मेल आपल्याकडेच येतो. आउटलुकचंही तसंच. कोणी पत्ता पुढे विकला तर तो शब्द बघून कळतं, फिल्टर लावता येतो, खर्च शून्य. पण लपवण्याच्या दृष्टीने हा एलियस नाहीच. प्लसच्या आधीचा भाग कुणालाही वाचता येतो आणि खोडताही येतो. कित्येक वेबसाइटचे फॉर्म तर प्लस चिन्हच घेत नाहीत. मेल लावून ठेवायला उत्तम, बाकी यावर भिस्त ठेवू नका.

मेल देणाऱ्याकडचाच दुसरा पत्ता

आउटलुक डॉट कॉमवर एका खात्याला 10 पर्यंत एलियस जोडता येतात, आयक्लाउडवर 3. इनबॉक्स एकच, पासवर्ड एकच, आणि मेल लिहिताना फ्रॉममधून हवा तो पत्ता निवडायचा. मेल त्याच कंपनीच्या सर्व्हरवरून निघतो, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएमची काळजी आपल्याला करावी लागत नाही. पाठवायला इतकं सरळ दुसरं काही नाही.

मर्यादा आकड्याची आहे. दर दुकानाला वेगळा पत्ता द्यायचा तर 10 कुठे पुरणार? माझ्या मते हे पत्ते कामं वाटून घ्यायला चांगले: एक घरगुती, एक व्यवसायाचा, एक जाहिरातींवर छापायचा. एक गोष्ट मात्र आवर्जून करा. आउटलुकमध्ये एलियस टाकूनही खात्यात लॉगिन होता येतं. जो पत्ता चारचौघांत फिरणार आहे, त्याची लॉगिनची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका. पासवर्ड अंदाजाने टाकून बघणाऱ्यांना निदान नाव तरी फुकट मिळायला नको.

जीमेलमधून दुसऱ्या पत्त्याने पाठवणं

हा पर्याय सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात जास्त फसवतोही. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'सेंड मेल ॲज' आहे. तिथे आपल्या मालकीचा दुसरा पत्ता घालायचा, त्या पत्त्यावर आलेल्या कोडने खात्री पटवायची, की लिहिताना तो पत्ता निवडता येतो.

खोच पुढे आहे. मेल जीमेलच्याच सर्व्हरवरून गेला, तर हेडरमधल्या (मेलसोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींमधल्या) 'सेंडर' ओळीत तुमचा मूळ जीमेल पत्ता राहू शकतो. आउटलुकच्या काही आवृत्त्या तो चक्क वाचणाऱ्याला दाखवतात: अमुक पत्त्यावरून, तमुकच्या वतीने. जीमेलने 2009 मध्ये यावर उपाय दिला. दुसऱ्या पत्त्याच्या एसएमटीपी सर्व्हरची माहिती भरायची, मग मेल खरोखर त्या सर्व्हरवरून निघतो आणि 'वतीने' हा प्रकार संपतो. ही माहिती भरताना कंटाळू नका. सर्व्हरचं नाव, पोर्ट, वापरकर्ता नाव आणि बऱ्याचदा वेगळा ॲप पासवर्ड लागतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण सगळा फरक तिथेच पडतो.

मी माझा एक मेल उघडून बघितला तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' असतं. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिघांपुढे 'पास' लिहिलेलं, फ्रॉममध्ये एलियस. मी खूश. मग खाली सरकले, तर 'रिटर्न-पाथ' या ओळीत माझा खरा पत्ता, अक्षर न अक्षर. न पोचलेला मेल परत जिथे यायचा, तो हा पत्ता. पाकिटावरचा. समोरच्या सामान्य माणसाच्या नजरेला तो पडत नाही, पण ज्याला शोधायचंय त्याला दोन क्लिकमध्ये सापडतो.

थोडक्यात, एकाच इनबॉक्समधून दोन-तीन ओळखी सांभाळायच्या असतील तर हा मार्ग झकास. कुणापासून लपायचं असेल, तर एसएमटीपी भरल्याशिवाय आणि हेडर स्वतः वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मधला निरोप्या: मास्क देणाऱ्या सेवा

सिंपललॉगिन, ॲडी, फायरफॉक्स रिले, डकडकगो, ॲपलचं 'हाइड माय ईमेल' ही मंडळी आपल्याला हवे तितके किंवा ठरावीक संख्येत पत्ते, म्हणजेच मास्क, बनवून देतात. त्या पत्त्यावर आलेला मेल आपल्याकडे पुढे पाठवतात. खरी गंमत उत्तर देताना. सिंपललॉगिनमध्ये ज्याला लिहायचं त्याच्यासाठी एक उलटा एलियस तयार होतो. तुम्ही आपल्या नेहमीच्या मेलबॉक्समधून त्या उलट्या एलियसला लिहिता. सेवा ते पत्र घेते, तुमचा पत्ता काढून तिथे एलियस घालते आणि आपल्या सर्व्हरवरून पुढे धाडते. जुळणीची तपासणी पास होते, कारण डोमेन त्यांचं आणि सर्व्हरही त्यांचाच.

सगळ्या सेवा इथे सारख्या नाहीत. फायरफॉक्स रिलेमध्ये फुकटात 5 मास्क मिळतात, पण उत्तर देण्याची सोय पैसे भरणाऱ्यांना, आणि तिथेही आलेल्या मेलला उत्तर देता येतं, आपण होऊन नवा मेल सुरू करता येत नाही. सिंपललॉगिनच्या फुकट खात्यात 10 एलियस, आणि त्यांवरून पाठवताही येतं. 2022 मध्ये ही सेवा प्रोटॉनने विकत घेतली. ॲपलच्या मेल ॲपमध्ये नवा मेल लिहितानाच फ्रॉममध्ये 'हाइड माय ईमेल' निवडता येतं, पण त्यासाठी आयक्लाउड प्लस लागतं. डकडकगो फुकट आहे आणि येणाऱ्या मेलमधले ट्रॅकरही (आपला माग काढणारे छुपे तुकडे) काढून टाकतं. ज्याला स्वतःहून लिहायचं असतं त्याने फुकट मिळतंय म्हणून नुसतं उत्तर देणारी सेवा घेतली, की पहिल्याच तक्रारीला अडतं.

या पर्यायात पत्ता सगळ्यात नीट लपतो आणि नको झालेला एलियस एका बटणाने बंद होतो. धोका दोन ठिकाणी. एक, सीसी. उलट्या एलियसला लिहिताना सीसीमध्ये कुणाचा सरळ पत्ता घातला, तर त्या माणसाकडे मेल थेट तुमच्या खऱ्या पत्त्यावरून जातो. दोन, ती सेवाच बंद पडली तर? शंभर वेबसाइटवर दिलेले शंभर पत्ते एका दिवसात मुके होतील, आणि पासवर्ड बदलण्याचे मेलही त्यांच्यावरच यायचे असतात.

स्वतःचं डोमेन

मला विचाराल तर ज्याला लांबचा विचार करायचाय त्याने हेच करावं. डोमेन तुमचं, तर मेल देणारी कंपनी बदलली तरी पत्ते बदलत नाहीत. 'कॅच-ऑल' लावलं की @ च्या आधी कोणताही शब्द घातला तरी मेल येतो, आधी पत्ता बनवावा लागत नाही. पाठवायला मात्र प्रत्येक पत्ता एकदा जोडावा लागतो, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदवहीत) आपल्यालाच भराव्या लागतात. सेवा देणारे काय भरायचं ते तयार देतात, नुसतं चिकटवायचं असतं.

पण यात गर्दीत मिसळून जाणं नाही. त्या डोमेनवर तुम्ही एकटेच, म्हणजे दोन ठिकाणी दिलेले दोन पत्ते एकाच माणसाचे हे कुणीही ओळखेल. आणि नूतनीकरण चुकलं, तर ते डोमेन दुसरा कोणी घेईल आणि तुमच्या खात्यांचे मेल त्याच्याकडे जातील. ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. कुलूप लागलं तर किल्ली आत राहील.

खरा पत्ता कुठे बरा

बँक, कर, दवाखाना, न्यायालयीन कागद, नोकरीचा अर्ज. इथे समोरच्याला तुम्ही कोण हे माहीत असणारच आहे, मग लपवून मिळवायचं काय? उलट मधे एक दुवा वाढतो आणि तो तुटला तर नुकसान मोठं. नोकरीच्या अर्जावर यादृच्छिक अक्षरांचा पत्ता दिसला की वाचणारा क्षणभर थबकतो, आणि तो क्षण आपल्याला परवडत नाही.

पत्ता लपतो, माणूस लपतोच असं नाही

माझी एक मैत्रीण जुन्या वस्तू विकताना अनोळखी लोकांशी मेलवर बोलते. तिने चांगल्यापैकी मास्क घेतला, उत्तरंही त्यावरूनच जात होती. एकदा तिने मला एक मेल दाखवला. पत्ता अगम्य अक्षरांचा, आणि खाली सही: पूर्ण नाव, हुद्दा, मोबाईल नंबर. फोनवरची सही आपोआप चिकटत होती. अनेक महिने.

हे तिच्या एकटीचं नाही. फ्रॉममधलं दिसणारं नाव पत्त्यापेक्षा वेगळं भरलेलं असतं, ते तपासा. जोडलेल्या वर्ड फाइलमध्ये लेखकाचं नाव असतं. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली तर फाइलच्या मालकाचं नाव उघडं पडू शकतं. कॅलेंडरचं निमंत्रण स्वीकारलं तर तो होकार बहुधा खऱ्या खात्यावरून जातो. आणि एलियस देणारी कंपनी तुम्हाला ओळखत असतेच. जाहिरातवाले, पत्ते विकणारे, आगाऊ अनोळखी यांच्यापासून एलियस वाचवतो. ज्यांच्या जिवाला धोका आहे, त्यांनी एवढ्यावर विसंबून राहू नये.

आता काही निवडलंच असेल, तर वापरायला घेण्याआधी हे करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर द्या' हा पर्याय निवडा. माझ्या तक्रारीच्या वेळी तो निवडलेला नव्हता. एलियसवरून दुसऱ्या कंपनीच्या मेलबॉक्सला एक मेल पाठवा, तिथून उत्तर द्या, त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्या. 'शो ओरिजिनल'मधून मूळ मजकूर उघडून फ्रॉम, सेंडर, रिटर्न-पाथ आणि रिप्लाय-टू (उत्तर जिथे जायचं तो पत्ता) या चार ओळी वाचा, आणि शेवटी सहीवर नजर टाका. मग हेच सगळं फोनवरून एकदा करा, कारण घाईत आपण तक्रारी तिथूनच लिहितो.