पान निळं का होत नाही? विज्ञान शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स की प्रत्यक्ष कार्यशाळा

मार्च संपत आला की स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या शिक्षकांत एक विषय हमखास निघतो : यंदा प्रशिक्षण कुठे करायचं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. हे तास भरायचे तर ढोबळमानाने दोन वाटा. दीक्षासारख्या सरकारी व्यासपीठावरचे ऑनलाइन कोर्स घरी बसून करायचे, नाहीतर एखाद्या संस्थेत चार-पाच दिवस जाऊन प्रत्यक्ष कार्यशाळा करायची. मी दोन्ही केलंय. आता सहकारी विचारतात तेव्हा माझं उत्तर एका बाजूला झुकतं, हे आधीच सांगून टाकतो.

वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी करावी लागणारी प्रशिक्षणं या तुलनेत धरलेली नाहीत. तिथे निवडायला काही नसतंच, आदेश येतो आणि आपण हजर होतो. इथे विचार फक्त त्या प्रशिक्षणांचा, जी आपण आपल्या मनाने, आपला वेळ मोडून करतो.

आधी ऑनलाइनचं चांगलं, कारण ते खरोखर चांगलं आहे. आपल्याकडे विज्ञानाचा शिक्षक म्हणजे एकाच माणसाने भौतिक, रसायन, जीव असं सगळं शिकवायचं. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्या माणसाला दहावीच्या भाग दोनमध्ये पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञान शिकवावं लागतं, आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना भाग एकमधली भिंगं आणि गुरुत्वाकर्षण. आपलाच पाया जिथे कच्चा आहे तिथे ऑनलाइन कोर्सला तोड नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, 'हे मला कळलेलं नाही' असं चारचौघांत कबूल करावं लागत नाही. भरलेल्या सभागृहात हात वर करून भिंगांचे चिन्हसंकेत (कुठलं अंतर धन, कुठलं ऋण) विचारायला आपल्यातले किती जण तयार होतील? घरी बसून तो भाग पुन्हा पुन्हा बघता येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरं म्हणजे सोय. घरी लहान मूल असेल, आजारी आईवडील असतील, शाळा तालुक्याच्या टोकाला असेल, तर निवासी कार्यशाळेला जा असं सांगणं सोपं असतं, जाणं नसतं. २०१९ साली सुरू झालेला निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम कोरोनाच्या काळात दीक्षावर आला, तेव्हा कितीतरी शिक्षकांना घर न सोडता प्रशिक्षण घेता आलं. ही काही लहान गोष्ट नाही. शिवाय प्रमाणपत्र लगेच पदरात पडतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, फाइलला ते लागतंच.

मग माझं घोडं अडलं कुठे? एका व्हिडिओतल्या एका कटवर.

विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, पानात स्टार्च तयार होतो हे दाखवणारा प्रयोग. कोर्स कुणाचा होता ते महत्त्वाचं नाही. निवेदन स्वच्छ मराठीत होतं आणि आकृत्या देखण्या होत्या. निवेदक पान उकळत्या पाण्यातून काढतो, स्पिरिटच्या परीक्षानळीत टाकतो, नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करतो. पुढच्या क्षणी पान पांढरं. मधलं सगळं कापलेलं. मग आयोडीनचे थेंब, आणि स्टार्चमुळे पान झकास निळं-काळं. खाली प्रश्न येतो : हरितद्रव्य काढून टाकण्यासाठी काय वापरतात? पर्याय चार. स्पिरिटवर बोट ठेवलं, बरोबरची खूण आली, पुढचा घटक उघडला.

आता हाच प्रयोग जुलैमध्ये वर्गात करून बघा. आठवडाभर उन्हाचा पत्ता नाही. पान जाड आणि मेणचट, कितीही वेळ ठेवलं तरी हिरवट झाक सोडत नाही. स्पिरिट पेट घेतं म्हणून नळी थेट ज्योतीवर धरता येत नाही, आणि चंचुपात्रातलं पाणी तापता तापता निम्मी तासिका जाते. शेवटी आयोडीन टाकलं की पान तपकिरी. अख्खा वर्ग आपल्या तोंडाकडे बघतोय आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पुस्तकात तर निळं दिलंय."

अशा वेळी काय करायचं हे मला शिकायचं होतं, आणि व्हिडिओत नेमकं तेवढंच कापलेलं होतं. हे एकाच व्हिडिओचं असतं तर सोडून दिलं असतं. पण पुढे मी जे जे कोर्स पाहिले त्यांत प्रयोग कधी फसलाच नाही. आम्लात टाकलेल्या झिंकवर बुडबुडे लगेच येतात, चुंबकीय सुई शहाण्यासारखी वळते, आलेखाचे बिंदू एका रेषेत बसतात. ज्याने प्रयोगशाळेत वर्षं काढली आहेत त्याला हे बघताना हळूहळू चीड यायला लागते. एका कोर्समध्ये शंका विचारायला चौकट होती. तिथे मी पानाबद्दल सविस्तर लिहिलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं : आपला अभिप्राय नोंदवला आहे, धन्यवाद.

कार्यशाळेत हाच प्रयोग समोर आला तेव्हा मांडणीच निराळी होती. प्रत्येक टेबलावर वेगळं पान : कुठे जास्वंद, कुठे पांढरे-हिरवे पट्टे असलेलं क्रोटन, कुठे मनीप्लांट, एका टेबलावर दोन दिवस काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेलं. काही टेबलांवर रंग आला, काहींवर नाही. मार्गदर्शक बाई खुलासा करायला पुढे आल्याच नाहीत. म्हणाल्या, "ज्यांचं निळं झालं नाही त्यांनी फळ्यावर कारणं लिहा." फळा भरला. पान भल्या सकाळी तोडलं, म्हणजे आदल्या दिवशीचा स्टार्च रात्रीत बराचसा वापरला गेला. हरितद्रव्य पुरतं निघालं नाही, त्यामुळे आलेला रंगही दिसला नाही. आयोडीन जुनं. एका गटाचं उलटं झालं होतं : आयोडीन इतकं घट्ट की अंधारात ठेवलेलं पानही काळसर दिसत होतं, म्हणजे चुकीचा प्रयोग बरोबर ठरण्याची वेळ. मग ठरलं की आयोडीन आधी उकडलेल्या बटाट्यावर किंवा भातावर तपासून घ्यायचं. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी आयोडीनचीही होते.

तिथून परतल्यावर मी तो प्रयोग दोन तासिकांत विभागला. पहिलीत पानं उकळणं आणि स्पिरिटमध्ये ठेवणं, दुसरीत आयोडीन. मुलं वेगवेगळी पानं आणतात आणि कुठलं निळं होईल यावर पैजा लावतात. निळं झालं नाही तरी तास वाया जात नाही, कारण पुढचा प्रश्न तयार असतो. हा बदल ऑनलाइन कोर्समुळे झाला असता का? कदाचित झाला असता, दुसऱ्या कुणाचा झालाही असेल. माझ्या बाबतीत तरी नाही झाला.

असंच ओहमच्या नियमाचं. रोधाऐवजी टॉर्चचा जुना तारेचा बल्ब जोडा आणि विभवांतर-धारेचा आलेख काढा, असं तिथे सांगितलं. एरवी सरळ येणारी रेषा वाकली. तार तापली की तिचा रोध वाढतो, हे वाक्य आपण सगळेच शिकवतो. पण वाकलेला आलेख स्वतः काढल्यावर नियमातले 'तापमान स्थिर असताना' हे शब्द, जे मुलं पाठ करून सोडून देतात, ते कशासाठी आहेत ते हाताला कळलं.

आता कार्यशाळेच्या बाजूने बोलतोय म्हणून तिच्यात खोट नाही असं नाही. पहिली अडचण शाळेतून मोकळं होण्याची. मुख्याध्यापक 'जा' म्हणतात, पण बदली तासिका कोण घेणार यावर चेहरे पडतात. सुट्टीत जावं तर सुट्टी जाते. दुसरी अडचण जास्त गंभीर. कार्यशाळा या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंच काही नुसतं व्याख्यान असतं. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, मग पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवणारे तज्ज्ञ, दुपारी जेवणानंतर पेंगणारा हॉल, शेवटी गटचर्चा आणि फोटो. अशा कार्यशाळेपेक्षा ऑनलाइन कोर्स शतपटीने बरा, निदान थांबवता तरी येतो. तिसरी म्हणजे साहित्य. संस्थेच्या प्रयोगशाळेत मोजमापं आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर असतो आणि आपल्या कपाटात काटा अडकलेला व्होल्टमीटर. तिथलं इथे चालत नाही आणि पंधरा दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

ही शेवटची खोट ज्यांनी फार पूर्वी ओळखली त्यांचा उल्लेख करायलाच हवा. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे तीस वर्षं चालला. सुट्टीत शिक्षकांची प्रशिक्षणं व्हायची, तिथे शिक्षक स्वतः सगळे प्रयोग करून बघायचे. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, पुढे वर्षभर परिसरातले शिक्षक मासिक बैठकीला जमायचे आणि वर्गात काय अडलं ते मांडायचे. साहित्यही स्वस्त आणि साधं. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबपासून, काड्यापेटीच्या काड्यांपासून खेळणी करू लागले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. मला त्यातली मासिक बैठक जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदा होतात, पण त्यांत माहिती भरणं आणि परिपत्रकं यांतून वेळ उरला तर विज्ञान. आमच्या कार्यशाळेतल्या काही जणांनी स्वतःहून महिन्याला भेटायचं ठेवलं आहे. दर वेळी सगळे येतात असं नाही, पण न जमलेला प्रयोग घेऊन जायला एक जागा झाली.

म्हणजे माझा कौल कार्यशाळेला, पण कुठल्याही नाही. नाव नोंदवण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारतो. दिवसातला किती वेळ हाताने काम आहे? आणि साहित्य शाळेत मिळणारं आहे का? पहिल्या प्रश्नाला 'तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे' असं उत्तर आलं, तर मी नम्रपणे नकार देतो. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासूनचं), पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, यांचे उपक्रम अधूनमधून बघत राहावेत. होमी भाभा केंद्राच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमातले अभ्यासघटक, कार्यशाळा मिळो न मिळो, उतरवून घेऊन वर्गात वापरण्याजोगे आहेत.

ज्यांची ही पहिली-दुसरी वर्षं आहेत आणि अर्ध्या धड्यांची स्वतःलाच धास्ती आहे, त्यांना मात्र मी उलट सांगेन. आधी ऑनलाइन करा. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन कच्चे धडे पक्के करून घ्या, तोवर वर्गात काही प्रयोग फसलेले असतील. उन्हाळ्यात कार्यशाळेला जाताना त्यांतला एखादा सोबत न्या, शाळेतल्या त्याच बाटलीतल्या आयोडीनसकट. ज्यांची दहा-पंधरा वर्षं झाली आहेत आणि मजकूर तोंडपाठ आहे, त्यांना आणखी एका ऑनलाइन कोर्समधून प्रमाणपत्राखेरीज फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. अर्थात ज्याला घर सोडणं शक्यच नाही त्याच्यासाठी हा प्रश्न आधीच सुटलेला आहे. त्याने निदान व्हिडिओ बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो प्रयोग शाळेत करावा आणि चाचणी नंतर द्यावी. चाचणी थांबते.

आणि कार्यशाळेला निघालात तर कार्यमुक्तीचा आदेश लेखी घ्या, उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर तासांचा आकडा लिहून मागा. नंतर मागितला तर कुणी देत नाही.