रात्रीच्या रेडिओवर स्टँडअप कलाकारांच्या मुलाखती

आमच्या शहरातील एका खासगी एफएम वाहिनीवर रात्री अकरानंतर स्टँडअप कलाकारांच्या मुलाखतींचा जो कार्यक्रम लागतो, तो मराठी श्रोत्यांनी आवर्जून ऐकावा असा आहे. ‘एखादा विनोद ऐकवा ना’ असे म्हणून बहुतेक मुलाखतकार पाहुण्याला अडचणीत टाकतात. समोर प्रेक्षक नसताना, काचेआडच्या बंद खोलीत तयार विनोद हमखास पडतो, हे येथील निवेदिका ओळखून आहेत. त्या विनोद सांगायला न लावता तो कसा घडला, हे विचारतात. रिक्षाच्या मीटरवरचा किस्सा ओपन माइकला, म्हणजे कुणालाही मंचावर येऊन विनोद सादर करता येणाऱ्या कार्यक्रमात, का पडला आणि शेवटचे वाक्य छोटे केल्यावर तो का उठला, हे एक तरुण कलाकार सांगत होता, तेव्हा त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. तो थांबल्यावरही त्यांनी क्षणभर शांतता राहू दिली आणि मग त्याने स्वतःहून घरच्यांच्या विरोधाचा विषय काढला. अशी उसंत रेडिओवर आता दुर्मीळच.

खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता पाळावी लागत असल्यामुळे मंचावरची शिवराळ भाषा येथे चालत नाही, पण त्यामुळे गप्पा मिळमिळीत झालेल्या नाहीत. उलट, एकेकाळी आकाशवाणीतच नोकरी केलेल्या पु. ल. देशपांडे यांच्यापासून ‘भाडिपा’ या मराठी यूट्यूब वाहिनीपर्यंतच्या विनोदाच्या वाटचालीवर मोकळेपणाने बोलणे होते.

खटकते ती जाहिरातींची घाई. रंगात आलेले उत्तर अर्ध्यावर तोडणे हा पाहुण्यावर अन्याय आहे. वाहिनीने निदान शेवटचा अर्धा तास अखंड ठेवावा आणि या मुलाखती नंतरही ऐकता येतील अशी सोय करावी.